घरांत घेतलेला घोडा

वत्सदेशचा राजा उदयन ह्याला दोन वेडें होतीं; एक वीणेचें आणि दुसरें हत्ती धरण्याचें. उज्जयिनीच्या राजाला हीं दोन्ही ठाऊक होतीं. उदयनाला रणांत जिंकणें कठीण, हें ओळखून त्यानें आपल्या नडागिरि हत्तीसारखा हुबेहूब दिसणारा एक यंत्रगज करविला, त्याच्या पोटांत निवडक योद्धे दडविले, आणि तो विंध्याच्या अरण्यांत नेऊन उभा केला. असा एक अपूर्व हत्ती रानांत आला आहे अशी वार्ता उदयनाच्याच हेरांनीं त्याला आणून दिली. जनावर बुजूं नये म्हणून राजानें सैन्य दूर ठेविलें, आणि आपल्या वीणेच्या सुरांवर तें लुब्ध होऊन उभें आहे अशा समजुतीनें तो एकटाच पुढें पुढें गेला. सायंकाळच्या अंधुक उजेडांत हत्तीच्या पोटांतून माणसें उतरलीं आणि वत्सराज बंदिवान होऊन उज्जयिनीस गेला. पुढें मंत्री यौगंधरायणानें त्याची सुटका कशी केली आणि येतांना वासवदत्ता बरोबर कशी आली, हें सोमदेवाच्या कथासरित्सागरांत वाचावें. भासाचें ‘प्रतिज्ञायौगंधरायण’ ह्याच प्रसंगावर उभें आहे. आमच्या कवींनीं ह्या कथेंतील प्रणयाचें कौतुक पुष्कळ केलें. हत्तीकडे मात्र कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं.

युरोपांत अशाच एका लांकडी जनावराचें नशीब अधिक थोर ठरलें. होमरच्या इलियडमध्यें ट्रॉयच्या घोड्याची हकीकत नाहीं. ओडिसीमध्यें ती थोडक्यांत येते, आणि सविस्तर वाचावयाची तर व्हर्जिलच्या ईनिडचा दुसरा सर्ग उघडावा लागतो. ती कथा वाचकांस परिचित असेलच. पण तींतील कांहीं बारकावे आपल्या विषयाला इतके लागू आहेत कीं, त्यांची आठवण करून दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. तो घोडा आपण होऊन नगरांत शिरला नाहीं. सायनॉन नांवाच्या एका ग्रीकानें, आपण आपल्याच लोकांनीं छळून टाकलेला दीन मनुष्य आहों अशी बतावणी करून, त्याची शिफारस केली. लाओकून पुरोहितानें संशयानें त्याच्या कुशीवर भाला फेंकला तेव्हां आंतून पोकळ आवाज उमटला. घोडा आंत घेण्यासाठीं ट्रॉयच्या लोकांनीं आपला तट आपल्याच हातांनीं फोडला. आणि वेशीच्या उंबरठ्यावर तो चार वेळां अडखळला, चारही वेळां त्याच्या पोटांत शस्त्रें खणखणलीं, तरी दोर ओढणारे हात थांबले नाहींत.

संगणकाच्या जगांत ‘ट्रोजन’ ह्या नांवानें जो अपकारक प्रोग्रॅम ओळखला जातो त्याचें नांव ह्याच घोड्यावरून पडलें आहे. नांवाचा हा वापर प्रथम ठळकपणें दिसतो तो इ. स. १९७२ मध्यें. अमेरिकेच्या हवाई दलासाठीं जेम्स अँडरसन ह्यांनीं संगणकांच्या सुरक्षिततेविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत ही कल्पना डॅनिएल एडवर्ड्स ह्या अमेरिकन राष्ट्रीय सुरक्षा संस्थेंतील गृहस्थांच्या नांवावर मांडली आहे. त्या काळीं संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. एकाच यंत्रावर अनेक माणसें एकाच वेळीं काम करीत, आणि कोणाला कोणतें दप्तर पाहतां यावें ह्याचे नियम यंत्रालाच घालून दिलेले असत. कारकुनाला सेनापतीचे कागद दिसावयाचे नाहींत, इतका बंदोबस्त त्या नियमांनीं होई. पण कारकुनानें एक उपयुक्त प्रोग्रॅम लिहिला आणि सेनापतीनें तो हौसेनें चालविला, तर? तो प्रोग्रॅम त्या क्षणीं सेनापतीच्या अधिकारानें चालत असतो. सेनापतीला जें जें उघडतां येतें तें तें सर्व त्यालाही उघडतां येतें. यंत्र विचारतें तें इतकेंच कीं, हुकूम कोणाचा. हुकुमाच्या पोटांत काय आहे हें विचारण्याची त्याला बुद्धि नाहीं. ट्रोजनाचें सर्व रहस्य एवढ्यांत आलें. नंतरच्या पन्नास वर्षांत त्यांत तपशिलाची भर पुष्कळ पडली, पण तत्त्व तेंच राहिलें.

येथें एका गैरसमजाचा उलगडा केला पाहिजे. संगणकाला जें कांहीं बाधतें त्या सर्वांना आपण सरसकट ‘व्हायरस’ म्हणतों. व्हायरस हा दुसऱ्या प्रोग्रॅमला किंवा चकतीला चिकटून स्वतःच्या प्रती काढीत पसरतो. लाहोरच्या दोन बंधूंनीं १९८६ सालीं केलेला ‘ब्रेन’ हा घरगुती संगणकांवरील अशा व्हायरसांत पहिल्या मोठ्या प्रसाराचा मानला जातो. कृमि, ज्याला ‘वर्म’ म्हणतात, तो तारांच्या जाळ्यांतून आपल्या पायांनीं चालत जातो. ट्रोजनाला पसरण्याची स्वतःची शक्ति असण्याचें कारण नाहीं. साथीचा रोग आणि दारांतून सन्मानानें घरांत घेतलेला पाहुणा, ह्यांत जो भेद आहे तोच ह्यांत आहे. अर्थात् व्यवहारांत हीं सोंगें एकमेकांत मिसळतात, आणि पाहुणा कधीं कधीं रोगही घेऊन येतो.

सर्व घोड्यांच्या पोटांत शस्त्रेंच होतीं असें नाहीं. १९७५ सालीं जॉन वॉकर ह्या अमेरिकन प्रोग्रॅमरनें युनिव्हॅक यंत्रासाठीं ‘ॲनिमल’ नांवाचा एक खेळ केला होता. आपण मनांत एक प्राणी धरावा आणि यंत्रानें प्रश्न विचारीत तो ओळखावा, असा तो खेळ. तो लोकांना फार आवडला, जिकडून तिकडून त्याच्या प्रतींची मागणी येऊं लागली, आणि टेपा भरून पाठवितां पाठवितां कंटाळलेल्या वॉकरनें खेळाच्या पोटांत दुसरा एक छोटा प्रोग्रॅम घातला. कोणी खेळावयास बसला कीं, तो ज्या ज्या दप्तरांत लिहूं शके त्या त्या दप्तरांत ह्या खेळाची एकेक प्रत गुपचूप ठेवून दिली जाई. नुकसान कोणाचें झालें नाहीं. वॉकरनें तशी काळजी घेतली होती. पण खेळणाऱ्याच्या अधिकारावर दुसऱ्याचें काम उरकून घेतां येतें, हें ह्या गमतीनें दाखवून दिलें.

ह्यानंतर १९८१ च्या ऑगस्टांत आय.बी.एम. कंपनीचा घरगुती संगणक बाजारांत आला, आणि चित्र पालटलें. मोठ्या यंत्रावर निदान द्वारपाल तरी होता. घरच्या संगणकावरील डॉस ह्या व्यवस्थेंत राजा, द्वारपाल आणि कोठावळा हे तिन्ही एकच, म्हणजे जो कळफलकापुढें बसला असेल तो. त्यानें चालविलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमला सगळ्या चकतीवर वाटेल तें लिहिण्याची, पुसण्याची, लपविण्याची पूर्ण मोकळीक होती. एका घरांत एक मनुष्य राहावयाचा, मग आंतल्या दारांना कुलपें कशाला, असा विचार करणाऱ्यांनीं केला असावा. तो अगदींच चूक होता असें म्हणवत नाहीं. त्या घरीं टपाल येईल, एवढें मात्र त्यांच्या लक्षांत आलें नाहीं.

टपाल आलें तें १९८९ च्या डिसेंबरांत. नाताळाच्या तोंडावर लंडनहून निरनिराळ्या देशांस हजारों लिफाफे रवाना झाले. त्यांची संख्या सुमारें वीस हजार सांगतात. प्रत्येकांत सव्वापांच इंची एक फ्लॉपी चकती आणि निळ्या कागदावरचें एक पत्रक. चकतीवर छापील चिठ्ठी होती आणि तिच्यावर ‘एड्सविषयक माहिती, प्रास्ताविक चकती’ अशा अर्थाचा मजकूर. पत्ते कोठून मिळाले? एक यादी ‘पीसी बिझनेस वर्ल्ड’ ह्या ब्रिटिश नियतकालिकाच्या वर्गणीदारांची होती, आणि दुसरी जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्सविषयक परिषदेस गेलेल्या प्रतिनिधींची. म्हणजे एका बाजूला संगणक बाळगणारे व्यापारी, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांच्या कामांत ही माहिती अत्यंत मोलाची होती ते डॉक्टर आणि संशोधक.

त्या काळचें मन आज डोळ्यांपुढें आणणें थोडें अवघड आहे. एड्सचा विषाणु १९८३ सालीं सांपडला होता. पहिलें औषध १९८७ त मान्य झालें होतें, पण तें मृत्यु लांबविण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नव्हतें. भीति सर्वत्र होती, माहिती थोडी होती, आणि विचारण्याची लाज सर्वांत मोठी होती. अशा वेळीं कोणालाही न विचारतां, आपल्या खोलींत बसून, यंत्राच्या प्रश्नांना उत्तरें द्यावयाचीं आणि आपल्याला धोका किती आहे तें जाणून घ्यावयाचें, ह्याहून अधिक मोहक देणगी कोणती? आणि ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं, चकती ह्या बाबतींत खोटी नव्हती. प्रोग्रॅम खरोखरच प्रश्न विचारी, उत्तरांवरून धोक्याचा अंदाज सांगे, आणि कसें वागावें ह्याचा उपदेशही करी. ट्रोजन हा निव्वळ बतावणी असतो असें नाहीं. चांगला ट्रोजन सांगितलेलें काम चोख करतो, आणि त्याबरोबर न सांगितलेलेंही करतो. माझा आपला तर्क असा कीं, कचेरीच्या संगणकावर असल्या खासगी प्रश्नांची उत्तरें देऊन बसलेला मनुष्य त्या चकतीविषयीं शेजारच्या टेबलाशीं बोलायला फारसा गेला नसेल. आणि हें मौन पाठविणाऱ्याच्या पथ्यावरच पडलें असेल.

आतां यंत्राच्या आंत काय घडे तें पाहूं. चकतींत दोन फाइली होत्या. एक प्रश्नोत्तरांची आणि दुसरी ती ‘बसविण्याची’. ही दुसरी चालविल्यावांचून पहिली चालत नसे. संगणक सुरू होतांच प्रथम कोणतीं कामें करावयाचीं ह्याची एक यादी डॉस व्यवस्थेंत असे. तिचें नांव ऑटोएक्झेक. बसविणाऱ्या प्रोग्रॅमनें मूळ यादी बाजूला सारून तिच्या जागीं आपली यादी ठेविली. चकतीवर कांहीं कप्पे तयार केले, पण त्यांचीं नांवें अशा एका चिन्हाचीं कीं, जें पडद्यावर उमटतच नाहीं. पाहणाऱ्याला तेथें रिकामी जागा दिसावी. आणि सर्वांत चतुर भाग पुढेंच आहे. डॉसच्या यादींत ‘रेम’ ह्या अक्षरांनीं सुरू होणारी ओळ म्हणजे केवळ टीप. यंत्र ती वाचून सोडून देतें. ट्रोजनानें यादींत अशीच एक निरुपद्रवी सूचनावजा ओळ घातली, परंतु ‘रेम’ ह्या शब्दाच्या शेपटाला तेंच न दिसणारें चिन्ह जोडलें. डोळ्याला ती टीप. यंत्राला तो हुकूम, कारण न दिसणाऱ्या चिन्हासकट त्याच नांवाचा एक प्रोग्रॅम लपविलेल्या कप्प्यांत तयार होता. यादी उघडून पाहणाऱ्या सावध माणसालाही तेथें नुसता शेरा लिहिलेला दिसे. एखाद्या दस्तऐवजाच्या समासांत शेरा म्हणून लिहिलेलें वाक्य न्यायाधीशानें हुकूमनामा म्हणून वाचावें, तसा हा प्रकार.

तो लपलेला प्रोग्रॅम पहिल्या दिवशीं कांहींच करीत नसे. तो फक्त मोजी. संगणक सुरू झाला, एक. पुन्हां सुरू झाला, दोन. साधारणपणें नव्वदावी खेप आली म्हणजे तो जागा होई. रोज एकदां संगणक लावणाऱ्याच्या घरीं हे तीन महिने झाले. तोंपर्यंत डिसेंबरांत आलेल्या एका फुकटच्या चकतीची आठवण कोणाला राहणार, आणि राहिली तरी आजच्या दुखण्याचा संबंध तिच्याशीं कोण जोडणार? शरीरांत शिरून वर्षेंच्या वर्षें निमूट बसणारा एक विषाणु त्या चकतीचा विषय होता, आणि चकती करणारा मनुष्य शिक्षणानें जीवशास्त्रज्ञ होता. हा योगायोग मानावयाचा कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

जागा झाल्यावर तो प्रोग्रॅम मुख्य चकतीवरील फाइलींचीं नांवें उलटसुलट अक्षरांनीं बदलून टाकी आणि कप्पे दिसेनासे करी. पत्रें, हिशेब, रुग्णांच्या नोंदी, सर्व होतें तेथेंच होतें. पण कोणत्या नांवानें हांक मारावी हें मालकाला ठाऊक नाहीं आणि यंत्रालाही नाहीं. मग पडद्यावर मजकूर येई कीं, भाड्याची मुदत संपली आहे; आणि छपाईयंत्र चालू असेल तर त्यांतून रीतसर बिल निघे. ३६५ वेळां वापरावयाचें तर १८९ डॉलर. चकतीच्या हयातीपर्यंत वापरावयाचें तर ३७८ डॉलर. पैसे धनादेशानें किंवा मनीऑर्डरीनें पनामा देशांतील एका टपालपेटीच्या पत्त्यावर, ‘पीसी सायबॉर्ग कॉर्पोरेशन’ ह्या नांवानें पाठवावयाचे.

आणि निळें पत्रक? त्या पत्रकांत बारीक टाइपांत हें सर्व लिहिलेलें होतें. हा प्रोग्रॅम विकत दिलेला नसून भाड्यानें दिलेला आहे. भाडें न भरल्यास तुमच्या संगणकावरील इतर प्रोग्रॅमांना बाधा होईल अशी योजना त्यांत केलेली आहे. आणि अटी मान्य नसतील तर चकती वापरूं नका, असा त्याचा एकंदर आशय होता. सदसद्विवेकबुद्धि तुम्हांला जन्मभर टोंचील, असाही एक दम त्यांत भरलेला होता. इतका प्रामाणिक सायनॉन ट्रॉयलाही मिळाला नव्हता! ह्या पत्रकानें मला नेहमींच अस्वस्थ केलें आहे. घोड्याच्या पोटांत काय आहे हें घोड्याच्या पाठीवर लिहिलें असतांही तो आंत ओढला जातो, कारण पाठीवरचें कोणी वाचीत नाहीं. आणि कोणी वाचीत नाहीं हें लिहिणाऱ्याला पक्कें ठाऊक असतें. आज कोणत्याही प्रोग्रॅमबरोबर येणारे करारनामे आपण शेवटपर्यंत वाचतों कीं काय, हा प्रश्न मी वाचकांस विचारीत नाहीं, कारण मला स्वतःला उत्तर देतां यावयाचें नाहीं.

ब्रिटनमध्यें जिम बेट्स ह्यांनीं ती चकती उकलली आणि ‘व्हायरस बुलेटिन’ ह्या पत्राच्या जानेवारी १९९० च्या अंकांत तिचें शवविच्छेदन छापलें. त्यांना दिसून आलें कीं, फाइलींच्या आंतील मजकुराला धक्काही लागलेला नाहीं; बदललीं आहेत तीं फक्त नांवें, आणि तींही एका ठराविक कोष्टकाप्रमाणें. आमच्याकडे मुलें ‘च’ची भाषा बोलतात, तिच्याहून हें गूढ फार खोल नव्हतें. बेट्स ह्यांनीं घोडा बाहेर काढणारा एक आणि नांवें पूर्ववत् करणारा दुसरा, असे उपायाचे प्रोग्रॅम करून फुकट वांटले. तोंवर व्हावयाचें तें नुकसान होऊन गेलें होतें, आणि त्यांतील बरेंचसें चकतीनें केलेलें नव्हतें. धोका आहे असें ऐकतांच कित्येकांनीं घाबरून आपल्या चकत्या सफा पुसून टाकल्या. इटलींतील एका संशोधन संस्थेचें दहा वर्षांचें काम अशा रीतीनें गेलें, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. एड्सवर काम करणाऱ्यांनीं एड्सच्या माहितीच्या भयानें आपलेंच काम जाळावें, ह्याहून क्रूर परिणाम कोणता असणार? ट्रोजन पकडला गेल्यावरही घर पूर्वीसारखें राहत नाहीं. कोणत्या खोलींत तो गेला असेल, कोणत्या कपाटाला त्याचा हात लागला असेल, हें सांगतां येत नाहीं. आणि ज्याला सांगतां येत नाहीं तो मनुष्य सगळेंच घर पाडावयास निघतो.

चकती पाठविणारा जोसेफ पॉप हा हार्वर्ड विद्यापीठाचा डॉक्टर. आफ्रिकेंत बबून जातीच्या वानरांचा त्यानें अभ्यास केला होता, आणि एड्सच्या कामाशींही त्याचा संबंध आलेला होता. नैरोबीहून परततांना ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर, आपल्याला विष घातलें आहे अशा अर्थाचा मजकूर त्यानें दुसऱ्या एका उतारूच्या पेटीवर लिहिला. पोलिसांनीं त्याचें सामान पाहिलें तेव्हां त्या पनामाच्या कंपनीचा शिक्का सांपडला. १९९० च्या आरंभीं ओहायो राज्यांत त्याला अटक झाली आणि पुढें त्याला ब्रिटनच्या स्वाधीन करण्यांत आलें. खंडणी उकळण्याचा त्याच्यावर आरोप होता. मिळणारा पैसा एड्सच्या संशोधनाला द्यावयाचा होता, असें त्याचें म्हणणें. खटला चालण्यापूर्वींच त्याचें वर्तन विचित्र होत गेलें. किरणांपासून बचाव म्हणून तो डोक्यावर पुठ्ठ्याचें खोकें घाली आणि दाढींत केस कुरळे करण्याच्या नळ्या लावी. नोव्हेंबर १९९१ मध्यें न्यायाधीशांनीं त्याला खटला चालविण्यास अपात्र ठरवून परत पाठविलें. तें वेड खरें होतें कीं सायनॉनचें दुसरें सोंग होतें, ह्यावर लोकांनीं पुष्कळ वाद घातला. निकाल लागलेला नाहीं आणि लागणारही नाहीं. न्यूयॉर्क राज्यांत ओनिऑन्टा येथें पुढें त्याच्या नांवानें फुलपाखरांचें एक उद्यान उभें राहिलें, इतकें मात्र नक्की.

पॉपची योजना फसली ती दोन कारणांनीं. कुलूप आणि किल्ली हीं दोन्ही एकाच चकतींत होतीं, म्हणून बेट्स ह्यांना ती उकलतां आली. आणि पैसे घेण्यासाठीं कोठेंतरी एक खरी टपालपेटी ठेवावी लागली. १९९६ सालीं ॲडम यंग आणि मोटी युंग ह्या दोन शास्त्रज्ञांनीं पहिली उणीव कशी भरून निघेल हें एका निबंधांत आगाऊच सांगून ठेविलें: लावण्याची किल्ली निराळी आणि उघडण्याची निराळी, अशा सांकेतिक पद्धतीनें मालकाच्या फाइली बंद केल्या, तर प्रोग्रॅम कितीही उकला, उघडण्याची किल्ली त्यांत सांपडावयाचीच नाहीं. त्यांचा हेतु इशारा देण्याचा होता. दुसरी उणीव बिटकॉइनसारख्या अनामिक नाण्यांनीं भरून काढली. २०१३ च्या सप्टेंबरांत ‘क्रिप्टोलॉकर’ नांवाचा ट्रोजन ई-पत्रांबरोबर येऊं लागला, तेव्हां पॉपची कल्पना तिच्या पूर्ण रूपांत उभी राहिली. ह्या खेपेस नुसतीं नांवें नव्हे, आंतील मजकूरच कुलुपांत गेला.

पण पैसा मागणारा ट्रोजन निदान आपण आलों आहों हें सांगतो तरी. १९९८ सालीं ‘नेटबस’ आणि ‘बॅक ऑरिफिस’ असे दोन प्रोग्रॅम निघाले. त्यांच्यायोगें दूरच्या माणसाला आपल्या संगणकावर, जणूं आपल्याच खुर्चींत बसून, सर्व कांहीं करतां येई. स्वीडनमध्यें लुंड विद्यापीठांतील कायद्याच्या एका अभ्यासकाच्या संगणकावर १९९९ सालीं बालकांचीं अश्लील चित्रें सांपडलीं. त्याची नोकरी गेली, नांव वर्तमानपत्रांत आलें, देश सोडून जाण्याची पाळी आली. २००४ सालीं न्यायालयानें त्याला निर्दोष सोडलें, कारण तीं चित्रें नेटबसच्या वाटेनें दुसऱ्या कोणी ठेविलीं असण्याचा संभव मान्य करावा लागला. पांच वर्षें! घरांतून वस्तु नेणारा चोर आपल्याला समजतो. वस्तु आणून ठेवणारा चोर समजावयास न्यायालयांनाही वेळ लागतो. कागदावर अक्षर कोणाचें आहे हें पाहतां येतें. संगणकावरच्या कृत्यांना हस्ताक्षर नसतें. तेथें सर्व कांहीं मालकाच्या नांवानें घडतें, आणि तीच तर ट्रोजनाची मूळ विद्या.

बँकांचे व्यवहार संगणकावर आल्यानंतर २००७ च्या सुमारास ‘झ्यूस’ नांवाचा ट्रोजन प्रसिद्धीस आला. आपण कळफलकावर जें टंकितों तें तो टिपून घेई. इतकेंच नव्हे, तर बँकेचें पान आपल्या पडद्यावर येतांना वाटेंतच त्यांत आपल्या चौकटी घालून आणखी प्रश्न विचारी. पान बँकेचें, पत्ता बँकेचा, आणि मधली एक ओळ चोराची. ह्याहून अधिक विस्तार करण्याचें कारण नाहीं; नांवें बदलत गेलीं, रीत तीच राहिली.

मालकानें अनोळखी वस्तु घरांत घेऊं नये, एवढ्यावर हें भागेल असें पुष्कळांना वाटतें. केन टॉम्प्सन ह्यांना तसें वाटत नव्हतें. युनिक्स व्यवस्थेच्या जनकांपैकीं ते एक. डेनिस रिची ह्यांच्यासह १९८३ चें ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालें, आणि त्या प्रसंगीं केलेल्या छोट्या भाषणांत त्यांनीं एक भयंकर गोष्ट अगदीं शांतपणें सांगितली. माणसानें लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेंत उतरवून देणारा जो अनुवादक प्रोग्रॅम असतो, त्यालाच जर ट्रोजन केलें, तर? प्रवेशद्वाराचा प्रोग्रॅम उतरवितांना तो त्यांत गुपचूप एक चोरदार ठेवील. आणि स्वतःची नवी प्रत उतरवितांना ही चोरविद्या त्या प्रतींतही ठेवील. मग मूळ लिखाण कितीही तपासा, त्यांत कांहीं सांपडावयाचें नाहीं, कारण लिखाणांत तें नाहींच. आपण स्वतः न केलेल्या वस्तूवर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो ठेवावा लागतो वस्तूवर नव्हे, ती करणाऱ्यांवर, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. श्रोत्यांना तें तत्त्वज्ञान वाटलें असेल. २०२० च्या डिसेंबरांत उघडकीस आलें कीं, सोलरविंड्स ह्या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यांतच, प्रोग्रॅमची प्रत तयार होत असतां, एक फाइल बदलली जात होती. तयार झालेल्या प्रतीवर कंपनीची खरी सही होती, ती कंपनीच्या खऱ्या दारांतून बाहेर पडली, आणि सुमारें अठरा हजार ग्राहकांपर्यंत पोंचली. त्यांत अमेरिकन सरकारचीं खातींही होतीं. ह्या ग्राहकांनीं कोणती चूक केली? ‘प्रोग्रॅम नेहमीं अद्ययावत ठेवा’ असा जो उपदेश सर्व जाणते करतात, तो त्यांनीं पाळला होता.

आतां घोडा संगणकावरून हातांतल्या दूरध्वनीवर आला आहे, आणि आपल्या देशांत त्यानें आपल्या चालीरीतींचा अभ्यास केला आहे असें दिसतें. २०२४ सालीं कित्येक ठिकाणच्या पोलिसांना इशारे द्यावे लागले कीं, व्हॉट्सॲपवर येणारी लग्नपत्रिका ही पत्रिका नसून प्रोग्रॅम असण्याचा संभव आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत अशीच पत्रिका आली. लग्नसराईचे दिवस, क्रमांक अनोळखी, पण वधूवरांकडील कोणाचा तरी असेल असें धरून घरांतील वडील मंडळींनीं ती उघडली. दूरध्वनीनें प्रथम विचारलें कीं, हा प्रोग्रॅम अनोळखी ठिकाणाहून आलेला आहे, बसवूं काय? मग विचारलें, ह्याला तुमचे संदेश वाचूं देऊं काय? आणखी एकदां कांहीं विचारलें. तें काय होतें हें त्यांना आतां आठवत नाहीं. प्रत्येक वेळीं त्यांनीं होकार दिला, कारण पत्रिका उघडत नव्हती आणि मुहूर्त पाहावयाचा होता. रात्रीं बँकेचे संदेश एकामागून एक आले, ते वाचण्याआधींच नाहींसे झाले, आणि सकाळीं खात्यांत कांहीं उरलें नव्हतें. तें लग्न कोणाचें होतें, हें त्या घरांत अजून कोणाला कळलेलें नाहीं.